व्हॉयेजरचं कागदी मॉडेल, १:२४ : दोन महिने, एक खराटा आणि केसरबाईंची चकती

यंदा जूनमध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानाचं कागदी मॉडेल (१:२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं) करायला घेतलं ते चवथीच्या आठ दिवस आधी पूर्ण झालं, रोज रात्री जेवणं आटपली की तास-दीड तास. नेटवर फुकट मिळणाऱ्या पीडीएफचं किट आहे, १२ पानं सुट्या भागांची आणि ४ पानं सूचनांची. कुणाच्या मनात असेल करायचं तर आधी हे वाचा, आणि गोव्यात-कोकणात ऐन पावसात करणार असाल तर नक्कीच वाचा.

ज्याने डिझाइन केलंय त्याने यान नीट बघितलंय हे पहिल्या पानापासून कळतं. मधला सांगाडा दहा बाजूंचा, खऱ्या यानात पावणेदोन मीटरहून जरा जास्त रुंद आणि जेमतेम ४७ सेंमी उंच, इथे त्याची साडेसात सेंमीची चपटी डबी होते. आणि दहाही बाजू वेगवेगळ्या काढल्यात, एकच चित्र दहा वेळा चिकटवलेलं नाही. अणुबॅटऱ्या एका अंगाला आणि कॅमेरे बरोब्बर दुसऱ्या अंगाला हे मी फोटोत कितीतरी वेळा बघितलं होतं पण असं का हे कधी डोक्यात आलं नव्हतं, दोन्ही दांडे हाताने लावले तेव्हा उलगडलं की प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गापासून उपकरणं होता होईल तेवढी लांब ठेवायचीत. मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचा, दांडा तर १३ मीटर, कारण यानाच्या स्वतःच्या विजेचं चुंबकत्व मोजमापात मिसळता कामा नये. उडताना तो डब्यात मिटलेला होता, वर गेल्यावर उलगडला. हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि बोटांना कळणं वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ डिशने, म्हणजे वाटीसारख्या मोठ्या अँटेनाने खाल्ला. खरी ३.७ मीटरची, इथे १५ सेंमीच्या थोडी वर, २४ पाकळ्यांची. प्रत्येक पाकळी तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासत घासत वाकवायची, मगच चिकटवायची, सरळ चिकटवलीत तर वाटी न होता छत्री होते. दिवाळीला घरी आकाशकंदील करणाऱ्यांना हा हात लगेच बसेल. माझ्या शेवटच्या पाकळीला एक मिलिमीटर कमी पडत होता, तीन पाकळ्या ओल्या फडक्याने सोडवून परत लावल्या. आता उजेडात धरली की आत एकही सांध दिसत नाही आणि त्याचं मला फार समाधान आहे.

सांगाडा काळा आहे, खऱ्या यानाला काळं उष्णतारोधक पांघरूण असतं म्हणून. काळा छापलेला कागद कापला की कड पांढरी दिसते आणि सगळी मजा जाते, तेव्हा प्रत्येक तुकडा कापल्या कापल्या कडेने काळं स्केचपेन फिरवायचं, चिकटवल्यावर नाही.

प्रिंटचं मात्र सांभाळा. इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते, लेझरची घडीवर तडकते. लेझरच घ्या, फक्त घडीच्या रेषेवर आधी रिकामं बॉलपेन स्टीलच्या पट्टीने दाबून ओढा. मी २०० जीएसएम कार्डवर म्हापशाच्या एका दुकानातून काढून घेतली, आणि त्यांनी अर्धी पानं पूर्ण आकारात काढली अर्धी पानाच्या मापात बसवून, म्हणजे जराशी लहान. घरी येईपर्यंत कळलं नाही. दहा बाजूंची पट्टी तळाला दोन मिलिमीटर कमी पडली तेव्हा कळलं, सहा पानांचे पैसे परत भरावे लागले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५ सेंमीची रेघ दिलीय ती दुकानातच पट्टी लावून मोजा, काउंटरवरून हलू नका.

किटचा खरा दोष म्हणजे तो लांब दांडा. १:२४ ला ५४ सेंमी होतो आणि डिझाइनमध्ये तो नुसती कागदाची तिकोनी नळी आहे, आत आधार काही नाही. कोरड्या हवेत टिकत असेल, आमच्या डिचोलीत जुलैत चार दिवसांत दोडक्यासारखा लोंबायला लागला. शेवटी खराट्यातला माडाचा एक सरळ हीर निवडला, सोलून उन्हात (जेवढं मिळालं तेवढ्या) वाळवला आणि नळीत घातला, तेव्हापासून तसूभर हललेला नाही. दोन मोठ्या अँटेना खऱ्या यानात १० मीटरच्या, त्यांच्यासाठी सूचनेत तार सांगितलीय, तिथेही मी बारीक हीरच लावले.

दुसरा दोष मला जास्त लागला. ती सोनेरी तबकडी, म्हणजे यानावर बसवलेली ग्रामोफोनची रेकॉर्ड. खरी १२ इंचांची, तांब्यावर सोन्याचा मुलामा, वरच्या झाकणावर ती वाजवायची कशी याच्या खुणा कोरलेल्या. मॉडेलमध्ये ती सव्वा सेंटीमीटरची होते आणि किटमध्ये तिथे नुसता पिवळा ठिपका छापलाय. आता त्या तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठी आहे, आणि सबंध भारतातून संगीताचा एकच तुकडा आहे, गायिका केसरबाई केरकरांची भैरवी. बाईंचं गाव केरी, फोंडा तालुका, माझ्या आईच्या माहेराहून लांब नाही. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. तो आवाज २०१२ मध्ये सौरवाऱ्याच्या हद्दीपलीकडे गेला, आता तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत यायला २३ तासांहून जास्त लागतात. अशा चकतीला पिवळा ठिपका नाही चालत.

मिठाईच्या पुड्यावरचा सोनेरी कागद घेतला, पंचिंग मशीनने होत नाही कारण भोक लहान पडतं, म्हणून पेनाच्या टोपणाभोवती सुईने गोल ओढून नखकात्रीने कापला. झाकणावरच्या खुणा सुईच्याच टोकाने दाबून काढल्या, सगळ्या नाही जमल्या, डावीकडची तबकडी आणि खालची ताऱ्यासारखी रेघांची खूण एवढ्या आल्या. पाचवा तुकडा चांगला निघाला. आईला चष्मा लावून दाखवला तर बराच वेळ बघत राहिली, म्हणाली, "एवढ्याशात आमची केसरबाय?" आणि मग फोनवर ती भैरवी लावून दे म्हणाली, साडेतीन मिनिटं, दोनदा ऐकली.

पाचपैकी चार तारे. एक दांड्याचा कापला, चकतीचा कापला नाही कारण ती आपली आपण करता येते. लहान मुलांना एकट्याने द्यायचं किट नाही हे, कटर सतत हातात आणि बारीक तुकडे खूप, पण बारा-तेरा वर्षांचं मूल शेजारी बसलं तर डिशच्या पाकळ्या नक्की करेल.

माझं मॉडेल चवथीत माटोळीच्या (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या) बाजूला दोऱ्याने टांगलं होतं, आता हॉलमध्ये कपाटावर आहे, चकतीची बाजू दाराकडे करून. मामेभावाच्या मुलीने स्वतःसाठी मागितलंय म्हणून दुसरी प्रत काढून आणलीय. रेघ दुकानातच मोजली, आणि तिने घरी येऊन सगळ्यात आधी चकती कापायला घेतली.