पाण्याची किल्ली कोणाकडे? मलकापूर, अमरावती, नागपूर आणि पुरी शेजारी ठेवून

नगरपरिषदेत निवडून आलेल्या माणसापुढे पहिली जाडजूड फाइल येते ती बहुतेक पाण्याची. नळाला दोन दिवसाआड पाणी, पंपांचं वीजबिल थकलेलं, पाणीपट्टीची वसुली अर्धीमुर्धी, आणि शेवटच्या पानावर एक ओळ: योजना चालवण्यास देण्याबाबत विचार व्हावा. त्या ओळीवर शेरा मारण्याआधी तुमच्यापुढे कोणत्या वाटा आहेत आणि त्यांवरून आधी कोण कसं चाललं, हे पाहून घ्या.

वाटा चार. योजना स्वतः चालवायची. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, म्हणजे मजीप्राकडे सोपवायची. खासगी कंपनीशी लांब मुदतीचा करार करायचा. किंवा ओडिशाने केलं तसं सरकारी मालकीच्या वेगळ्या कंपनीकडे द्यायची. सभेत या विषयावर 'खासगीकरण हवं की नको' एवढाच वाद रंगतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: पाणी वाटेत किती मुरतं, हे आज तुमच्या गावात कोणाला ठाऊक आहे?

एक ढोबळ हिशेब करू. वस्ती 50,000 धरा आणि शहरांसाठीच्या सरकारी मापाप्रमाणे माणशी 135 लिटर. घराघरांत रोज 67.5 लाख लिटर पोहोचायला हवं. गळती आणि चोरी मिळून 40 टक्के असेल, तर नदीवरून 112.5 लाख लिटर उचलावं लागतं. मधले 45 लाख लिटर बेहिशेबी. हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर 0.42 युनिट वीज लागते. म्हणजे ज्या पाण्याचं बिल कोणालाच जात नाही, त्यावर रोज 1,890 युनिट आणि वर्षाला 6.9 लाख युनिट खर्ची पडतात. युनिटला 8 रुपये धरले तरी 55 लाख रुपये झाले. तुरटी, क्लोरीन आणि पंपांची झीज यात धरलेलीच नाही. केंद्राने 2008 मध्ये शहरांसाठी मानकं ठरवली. त्यांत बेहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत, प्रत्येक जोडणीला मीटर, 24 तास पाणी आणि चालवण्याच्या खर्चाची पूर्ण वसुली अपेक्षित आहे. चौघांपैकी कोणाकडेही गेलात तरी मोजपट्टी हीच.

मलकापूर: स्वतः चालवणारं गाव

कराडला लागून असलेलं मलकापूर 2011 मध्ये तीस हजारांच्या आसपास वस्तीचं होतं. कोयनेचं पाणी उचलून गावाला 24 तास द्यायचं, हे त्यांनी नगरपंचायत नवी असतानाच करून दाखवलं. आखणी आणि बांधणी मजीप्राची, चालवणं स्थानिक संस्थेचं. सांध्यांतून न गळणारे एचडीपीई पाइप टाकले, घराघराला दुरून वाचता येणारे मीटर बसवले आणि दर टप्प्याटप्प्याने चढणारा ठेवला. गरजेपुरतं वापरणाऱ्याला पाणी स्वस्त, अंगणात पाइप सोडून ठेवणाऱ्याला महाग. या योजनेला लोकप्रशासनातला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला.

'24 तास पाणी दिलं तर लोक उधळतील' ही भीती प्रत्येक सभेत कोणीतरी बोलून दाखवतंच. प्रत्यक्षात उधळपट्टी होते ती तासाभराच्या पाण्यात. पिंपं भरून ठेवायची, दुसऱ्या पाळीला नवं पाणी आलं की 'शिळं' पाणी मोरीत ओतायचं. पाणी कधी सुटेल ते कळावं म्हणून तोटी उघडीच ठेवायची. दाब कमी म्हणून टुल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढायचं. पाइप रिकामा झाला की सांध्यातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत शिरतं आणि पावसाळ्यात गावाला जुलाब लागतात. पाइप सतत भरलेला राहिला की यातलं बरंचसं आपोआप थांबतं.

मीटरचंही तसंच आहे. तासाभराच्या पाण्यावर मीटर नीट चालत नाही. पाणी सुटताना आधी पाइपातली हवा जोरात बाहेर पडते आणि काटा हवेवरच फिरतो. 'आमचं मीटर हवेवर पळतं' ही तक्रार खोटी नसते. म्हणून आधी पाणी, मग मीटरवरचं बिल, हा क्रम उलटवला की योजना रस्त्यावर येते. त्याची उदाहरणं पुढे आहेत.

मलकापूरची मर्यादाही सांगायला हवी. गाव लहान, नदी उशाशी, आणि जाळं मोठ्या अंशी नव्याने टाकलेलं. पेठांच्या बोळांत तीन पिढ्यांचे पाइप एकमेकांवर चढलेल्या जुन्या शहराला हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. शिवाय दरवाढीचा ठराव निवडणुकीच्या वर्षातही सभेपुढे आणावा लागतो. स्वतः चालवण्याची खरी कसोटी तिथे लागते, पंपावर नाही.

अमरावती, बदलापूर, अंबरनाथ: मजीप्राकडे सोपवलेली

1976 च्या कायद्याने आलेल्या राज्य मंडळाचं 1997 मध्ये मजीप्रा झालं. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणातून, सिंभोऱ्याहून पाणी येतं आणि शहरात ते महापालिका नव्हे, मजीप्रा वाटते. बदलापूर आणि अंबरनाथलाही तसंच. फायदा उघड आहे. अभियंते तयार असतात, आणि मुख्याधिकारी बदलून गेला म्हणून योजना पोरकी होत नाही. पाणी अनेक किलोमीटरवरून येत असेल आणि वाटेतल्या गावांनाही द्यायचं असेल, तर एकट्या नगरपरिषदेला ते झेपतही नाही.

तोटा नगरसेवकालाच सोसावा लागतो. हंडा मोर्चा तुमच्या दारात येतो, पण व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात आणि दरही तुमच्या सभेत ठरत नाही. नव्या वसाहतीला परवानगी नगरपरिषद देते, तिथे पाणी पोहोचवायचं मजीप्राने. दोघांच्या फायली वेगळ्या चालतात आणि मधल्या काळात टँकरवाल्याचं फावतं. गावात एकही पाणीपुरवठा अभियंता टिकत नसेल तर ही वाट धरा. मात्र बांधून घेण्यापुरती मजीप्राची मदत घेऊन चालवणं स्वतःकडे ठेवता येत असेल, तर ते जास्त बरं. मलकापूरने तेच केलं.

नागपूर: खासगी कंपनी, आणि तिच्या शेजारी लातूर व संभाजीनगर

या वाटेबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबू. नागपूर महापालिकेने आधी एकट्या धरमपेठ झोनमध्ये प्रयोग केला. मग 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे 25 वर्षांसाठी शहराचा पाणीपुरवठा चालवायला दिला. वेओलिया या फ्रेंच कंपनीची आणि विश्वराज या नागपूरच्या कंपनीची ती भागीदारी. धरणातलं पाणी, जाळं आणि टाक्या महापालिकेच्याच मालकीच्या राहिल्या. दरही महापालिका ठरवते, आणि 2010 च्या उपविधींत वर्षाला 5 टक्के वाढ आधीच लिहून ठेवली होती. देखरेखीसाठी महापालिकेने स्वतःची वेगळी कंपनी काढली. भांडवलाचा मोठा वाटा केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आला.

पाच वर्षांत सगळं शहर 24 तासांवर येईल, हा शब्द मात्र पाळला गेला नाही. मुदती वाढत गेल्या, बिलांवर आणि थकबाकीवर सभेत वर्षानुवर्षं गरमागरमी झाली. तरी करार टिकला.

औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 'समांतर' हा शब्द उच्चारला की लोक अजून कपाळाला आठ्या घालतात. समांतर जलवाहिनीच्या कामासह पाणीपुरवठा 2014 मध्ये खासगी कंपनीकडे गेला आणि 2016 मध्ये महापालिकेनेच करार मोडला. त्यानंतर मजीप्रामार्फत 1,680 कोटींची नवी योजना आली आणि तिचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला. लातूरनेही त्याआधी खासगी कंपनी आणून पाहिली होती. तिथे मीटरविरोधात आंदोलन पेटलं आणि करार बारगळला. चोवीस तास पाण्याचा अनुभव येण्याआधी लोकांच्या दारात मीटर आलं, की त्यांना ती सुधारणा वाटत नाही, वसुली वाटते.

मग नागपूर का टिकलं? मला तीन कारणं दिसतात. पहिल्यांदा एक झोन करून दाखवला. दरवाढ उपविधीत असल्याने दरवर्षी नव्याने भांडावं लागलं नाही. आणि कंपनीला किती पाणी दिलं, तिने किती विकलं, हे मोजायला महापालिकेची स्वतःची माणसं होती. तिसरं कारण सर्वांत जड. पन्नास हजारांच्या गावात वकील, अभियंता आणि लेखापाल मिळून करार वाचणारं, कंपनीचे आकडे तपासणारं पथक उभं राहतं का? बहुतेक ठिकाणी नाही. ज्याला स्वतःची गळती मोजता येत नाही, त्याला कंपनीने किती गळती थांबवली तेही मोजता येणार नाही, आणि कंपनीला पैसे तर त्याच आकड्यावर द्यायचे असतात.

सीमेपलीकडच्या बेळगावचाही विचार करा. तिथे कर्नाटक सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने फक्त मोजक्या वॉर्डांत 24 तास पाणी सुरू केलं आणि तोच प्रयोग हुबळी-धारवाडला आठ वॉर्डांत केला. वर्ष 2008. दोन्ही ठिकाणी उरलेल्या शहराला मात्र दीर्घ काळ वाट पाहावी लागली. छोट्या प्रयोगाला निधी मिळतो, त्याचा विस्तार करताना हात आखडतो. कोणताही करार करताना दुसऱ्या टप्प्याचे पैसे कोण देणार, हे आधी कागदावर घ्या.

पुरी: सरकारी कंपनी आणि बचत गटाच्या बाया

जगन्नाथाच्या पुरीत जुलै 2021 पासून नळाचं पाणी थेट पिता येईल अशा दर्जाचं आणि 24 तास मिळू लागलं. ते वॉटको ही राज्य सरकारची कंपनी चालवते. मला त्यातलं सर्वांत आवडलेलं काम 'जलसाथीं'चं. बचत गटांच्या या बाया घरोघरी जाऊन मीटर वाचतात, बिल देतात, पैसे घेतात, पाण्याची चाचणी करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात. दारात आलेल्या ओळखीच्या बाईशी लोक मीटरवरून भांडण उकरून काढत नाहीत, आणि गळतीची खबर तिला आधी लागते.

पण ही वाट नगरपरिषद एकटी निवडू शकत नाही. त्यामागे राज्य सरकारचा पैसा आणि मर्जी होती. आपल्याला त्यातला जलसाथींचा भाग तेवढा उचलता येतो. बचत गट आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत, आणि मीटर वाचायला त्यांना नेमायचा ठराव सभेत एका दुपारी होऊ शकतो.

स्रोताचं काय?

चारही व्यवस्था एका ठिकाणी सारख्याच हतबल ठरतात. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वेळी मीटर कुठलं आणि मालक कोण, याने काहीच फरक पडत नाही. नागपूरने मात्र या बाजूने एक शहाणपणाचं काम केलं. भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी, दिवसाला 130 दशलक्ष लिटर, कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं, म्हणजे तेवढं चांगलं पाणी शिल्लक राहिलं. हा निर्णय महापालिकेचा होता, पाणी वाटणाऱ्या कंपनीचा नव्हे. करार कोणाशीही करा, धरणाचं पाणी आणि सांडपाणी या दोन्हींची चावी नगरपरिषदेने स्वतःच्या कमरेला ठेवावी.

तर मग काय निवडाल?

गाव लाखाच्या आत असेल आणि नदी किंवा तलाव हाताशी असेल, तर योजना स्वतःकडे ठेवा, बांधकाम मजीप्राकडून करून घ्या आणि मीटर वाचायला बचत गट नेमा. पाणी लांबून आणि अनेक गावांत वाटून येत असेल, तर मजीप्रा. खासगी कंपनीचा विचार लाखांच्या शहरानेच करावा, तोही एक झोन चालवून पाहिल्यावर आणि दरवाढीचा ठराव आधी मंजूर करून. विकत घेतलेले आकडे बघून करार करू नये.

आणि ही फाइल उचलण्याआधी एक रात्र गावाला द्या. सगळे व्हॉल्व्ह बंद करायला लावा, उंच टाकीची पातळी रात्री अकराला आणि पहाटे चारला मोजा. पाणी कोणालाच सोडलेलं नसताना पातळी जितकी उतरली, तितकं टाकीतून किंवा न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून गेलं. त्या रात्री जुन्या व्हॉल्व्हमनला सोबत घ्या. कोणती लाइन कोणत्या वाड्याखालून जाते आणि कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, हे फक्त त्याच्या डोक्यात आहे. तो निवृत्त व्हायच्या आत ते नकाशावर उतरवून घ्या.