एओडीव्ही की ओएलएसआर?

टॉवरशिवाय थेट एकमेकांशी जोडलेल्या फिरत्या उपकरणांच्या (नोडांच्या) जाळ्यात पॅकेटांना वाट शोधून देणारे हे दोन प्रोटोकॉल. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी त्यातला कोणता सुधारायला घ्यावा, यावर मावसभावाचं घोडं अडलंय. दोन्हींचे आरएफसी (तांत्रिक आराखड्याचे दस्तऐवज) २००३ चेच.

खरा फरक रस्ता शोधण्याच्या वेळेत. एओडीव्ही गरज पडली की शेजाऱ्यांकरवी विचारणा फिरवतो. उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट ताटकळतं. ओएलएसआर दर २ सेकंदांनी हॅलो (शेजाऱ्यांची हजेरी), दर ५ सेकंदांनी टीसी (जाळ्यातल्या जोडण्यांची माहिती) पाठवून सगळ्या वाटा तयार ठेवतो. कुणी बोलत नसलं तरी बॅटरी जातेच.

नोड पळू लागले की एओडीव्हीत दुवा तुटतो, पुन्हा शोधाशोध, विचारणांचा पूर. टीटीएल (विचारणा किती टप्पे जाईल ती मर्यादा) लहान ठेवून वर्तुळ वाढवत नेणं मूळ आराखड्यातच आहे (ते ‘माझी सुधारणा’ म्हणून खपवू नकोस!), त्यावर बॅटरी, दुव्याची स्थिरता जोडता येते. ओएलएसआरला गेलेला शेजारी कळायलाच ६ सेकंद लागू शकतात, तोवर पॅकेटं खड्ड्यात. तिथे हॉप (वाटेतले टप्पे) मोजण्याऐवजी ईटीएक्स (पॅकेट पोचायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, हा अंदाज) लावतात. बर्लिनच्या फ्रायफुंक या लोकांनी उभारलेल्या वायफाय जाळ्याने तेच केलं.

थोडे, पळणारे, अधूनमधून बोलणारे नोड असतील तर एओडीव्ही. दाट, बरंचसं स्थिर, सतत गजबजलेलं जाळं असेल तर ओएलएसआर. भावाची ड्रोनं आहेत. त्याने एओडीव्ही घ्यावा.