आयसीयूचा रिव्ह्यू: बाबांच्या टाचेवरून

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पुण्यातलं मोठं प्रायव्हेट आहे एवढंच समजा. बाबा न्यूमोनियाने १३ दिवस आयसीयूत होते, त्यातले ८ व्हेंटिलेटरवर. डिस्चार्जच्या वेळी हातात टॅब दिला, फीडबॅक भरा म्हणाले. स्वच्छता कशी वाटली, रिसेप्शन कसं, कॅन्टीन कसं, नर्सिंग स्टाफ नम्र होता का. आता बाबा ८ दिवस औषधाने झोपवलेले, त्यांच्याशी कोण नम्र वागलं ते त्यांना काय माहीत, आणि आम्ही दिवसातून दोनदा १५ मिनिटं आत जाणारे, आमच्याशी तर सगळेच गोड बोलतात. मी सगळीकडे ४ टाकले आणि घरी आले, पण ते डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितेय.

माझी आत्या सरकारी हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाली, शेवटची बरीच वर्षं आयसीयूतच. बाबांना ॲडमिट केल्याच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून एसटीने आली. आम्ही सगळे आत गेलो की मॉनिटरकडे बघायचो, ते हिरवे पिवळे आकडे, ९२ झालं ९४ झालं. आत्याने मॉनिटरकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने पायाकडून चादर वर केली आणि बाबांच्या टाचा बघितल्या. मग डोक्याखाली हात घालून मागची बाजू चाचपली, ओठ जरा बाजूला करून तोंड आतून स्वच्छ आहे का बघितलं, मानेतल्या लाइनच्या (शिरेत घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगवर तारीख लिहिलीय का, लघवीची पिशवी जमिनीला टेकलीय का, पलंग डोक्याकडून किती वर आहे. तो ३० ते ४५ अंश वर हवा, नाहीतर पोटातलं वर येऊन छातीत जायची भीती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं मॉनिटर काय, मशीन दाखवतं. मी सिस्टरचं काम बघत होते."

तर स्टार या गोष्टींवर द्यायचे असतात. आणि हे मोजता येतं बरं का, नुसतं मत नाही. बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमांचा, धोका मोजायला ब्रेडन नावाची पद्धत आहे, ६ पासून २३ पर्यंत मार्क, जितके कमी तितका धोका जास्त. गुंगी किती आहे ते उणे ५ ते अधिक ४ अशा पट्टीवर लिहितात. बोलता न येणाऱ्या पेशंटला दुखतंय का हे सुद्धा कपाळावरच्या आठ्या, हातापायाचा ताठरपणा असं बघून आकड्यात लिहितात. लाइनमुळे झालेलं इन्फेक्शन दर १००० लाइन-दिवसांमागे मोजतात, म्हणजे एका पेशंटला एक दिवस लाइन तर एक दिवस धरायचा, कारण नुसतं "महिन्यात २ इन्फेक्शन" म्हटलं तर काहीच कळत नाही, १० पेशंटना लाइन होती की दोघांनाच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरेक आयसीयूंनी मिळून हे इन्फेक्शन कमी करून दाखवलं होतं, २००६ साली छापून आलं, साधी पाच कामांची यादी, हात धुणं वगैरे, आणि डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर सिस्टरने त्याला थांबवायचं. तीन महिन्यांत इन्फेक्शनचा मधला आकडा २.७ वरून शून्यावर आला. आत्याला हे सांगितलं तर हसली, म्हणाली यादी कोणीही करेल, थांब म्हणायची मुभा महत्त्वाची.

आता तक्रार. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर हवी असं मानतात, दिवसा तसं होतं, पण रात्री एका सिस्टरकडे दोन-दोन पेशंट. सहाव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला भेटायला गेलो तर कूस बदलायच्या चार्टवर पहाटे ४ पर्यंतच्या खुणा झालेल्या! डावी, पाठ, उजवी, सगळं व्यवस्थित, फक्त ती वेळ अजून यायची होती. आत्या काही बोलली नाही, चादर उचलली, डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग, दाबला तरी पांढरा न होणारा. म्हणजे सुरुवात झालेली. दिवसाची सिस्टर बिचारी नवीन होती, म्हणाली मॅडम आत्ता पावडर लावते, लिहायला नको, इनचार्ज ओरडतील, मोठा फॉर्म असतो. खाली लिफ्टजवळ बोर्ड आहे, "या महिन्यात बेडसोर: ०". तो शून्य कसा येतो ते तेव्हा कळलं. जी लिहील तिलाच ओरडा बसणार असेल तर कोण लिहील?

रात्रीची सिस्टर आली, केरळची, मराठी मोडकं पण बोलायची. तिने टाच बघितली, मोजपट्टी ठेवून फोटो काढला, फॉर्म भरला, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली आणि भरलेल्या चार्टवर रेघ मारून सही करून नवीन कागद लावला. एकही शब्द जास्त नाही. मला फोनवर कोणी विचारलं की आयसीयू कसं आहे तर मी म्हणायचे, रात्री चांगलं आहे.

व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर बाबांना भ्रम झाला. रिटायर्ड कंडक्टर ते, रात्रभर "पुढे सरका, मागे उभे राहू नका" चालू. दिवसा एकदा हात पट्टीने बांधलेले दिसले, किती तास ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. रात्रीच्या सिस्टरने ते सोडले, चष्मा घातला, कानातलं मशीन लावलं (आमच्या पिशवीतच पडून होतं पहिल्यापासून, कोणी मागितलंच नाही) आणि "हो मास्तर, सरकले" म्हणत राहिली. दोन दिवसांत बाबा बरेच ताळ्यावर आले. मशीनमुळे की औषधामुळे देव जाणे.

टाच बरी झाली. कॅन्टीनचे पोहे कोरडे, लिफ्ट स्लो, बिलिंगवाले ठीक.

पुढच्या महिन्यात क्लेमचे कागद आणायला गेले तेव्हा लिफ्टची वाट बघताना बोर्ड वाचला. मागील महिना, बेडसोर: १. एवढ्या मोठ्या आयसीयूत एकच असेल यावर माझा विश्वास नाही, पण तो एक आमचा होता. अडीच देणार होते, साडेतीन देते.