जॉन म्यूर ट्रेलसाठी बेअरव्हॉल्ट बीव्ही ५०० : सारे नियोजन ठरवणारा डबा

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाणारी जॉन म्यूर ट्रेल ही सुमारे ३४० किलोमीटरची वाट योसेमिटीच्या दरीत सुरू होते आणि ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या माथ्यावर संपते. तिच्या तयारीत लोक सॅक, बूट आणि टेंट यांवर महिनोन्‌महिने खल करतात. माझ्या मते मात्र सर्वांत आधी ठरवायला हवा तो अन्नाचा डबा, कारण रोजची चाल किती, रसद कुठे घ्यायची आणि स्वयंपाक काय करायचा हे तिन्ही प्रश्न त्या डब्याच्या आकारमानाशी येऊन थांबतात.

या भागात काळी अस्वले आहेत आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल बहुधा जिवाला मुकते, म्हणून वाटेच्या बऱ्याच टप्प्यांत अस्वलाला उघडता न येणारा डबा बाळगणे सक्तीचे आहे. योसेमिटीत अन्न झाडाला टांगून ठेवणेही चालत नाही. बेअरव्हॉल्ट कंपनीचा बीव्ही ५०० हा पॉलिकार्बोनेटचा, फिक्या निळ्या छटेचा पारदर्शक डबा असून त्यात ११.५ लिटर जागा आहे आणि रिकाम्या डब्याचे वजन सुमारे १.१६ किलो भरते. पारदर्शकपणा ही वरवर किरकोळ वाटणारी सोय प्रत्यक्षात फार उपयोगी आहे, कारण तळाशी गेलेली मिठाची पुडी शोधण्यासाठी थंडीत सगळा डबा रिकामा करावा लागत नाही.

सह्याद्रीत पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरीची सोय होते, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकरला रसदीचा हिशेब असा काटेकोर करण्याची सवय नसते. इथे पहिल्या निम्म्या वाटेवर टुओलमी मेडोज, रेड्स मेडो अशी रसद घेण्याची ठिकाणे लागतात, पण साधारण मध्यावरचे म्यूर ट्रेल रँच सोडले की व्हिटनी उतरून रस्त्याला लागेपर्यंत जवळजवळ १७५ किलोमीटर अंतर उरते आणि त्यात ४,००० मीटरच्या फॉरेस्टर खिंडीसह अनेक चढ येतात. रोज वीस किलोमीटरच्या आसपास चाललो तरी नऊ दिवसांचे अन्न हवे, आणि उत्पादक कंपनी स्वतः हा डबा सात दिवसांसाठी पुरेल असे सांगते. रँचवर काही आठवडे आधी टपालाने पाठवलेली शिध्याची बादली मिळते खरी, पण बादलीत मावले ते डब्यात मावेलच असे नाही.

ही दोन दिवसांची तूट आपल्या स्वयंपाकघरातून भरून काढता येते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. इथे वजनाआधी जागा संपते. पोहे आणि कुरमुरे हलके असले तरी जागा फार खातात, म्हणून ते बाद करावेत. त्याऐवजी सातूचे पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याचा कूट हवा काढून पिशव्यांत दाबून भरावा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० कॅलरी असतात आणि तेवढ्याच साजूक तुपात जवळपास ९००, त्यामुळे घट्ट झाकणाच्या लहान बाटलीतले तूप हा या डब्यातला सर्वांत किफायतशीर जिन्नस ठरतो. गूळपोळ्या डब्याच्या तोंडाहून किंचित लहान लाटल्या, तर त्यांची चवड तळाशी सपाट बसते आणि कोपऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि रिकामी पाकिटे यांनाही रात्री डब्यातच जागा द्यावी लागते, हे मात्र हिशेबात धरावे. उलट, पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत जे खायचे ते बाहेर ठेवता येते, कारण खरी कसोटी पहिल्या मुक्कामाच्या रात्री असते.

झाकण फिरवताना दोन खुंट्या अंगठ्याने दाबून खाचेपलीकडे सरकवाव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिक ताठरते, तेव्हा एखादे जुने बँककार्ड खाचेत सरकवले की काम सोपे होते. नाणे किंवा पाना लागत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतात यलो-यलो नावाच्या अस्वलिणीने या कंपनीचे झाकण उघडायची युक्ती साधली होती, हेही ग्राहकाला ठाऊक असावे; सिएरात मात्र हा डबा मान्य आहे. रात्री तो मुक्कामापासून तीसेक मीटरवर, कड्याच्या आणि पाण्याच्या काठापासून दूर ठेवावा आणि त्याला दोरी बांधू नये, कारण दोरीला धरून अस्वल तो ओढून नेऊ शकते.

अन्न संपत गेले तरी डबा तेवढाच राहतो, ही त्याची मूळ मर्यादा आहे. तो सॅकमध्ये उभा, पाठीला लागून आणि भोवती कपडे कोंबून ठेवला तरच तोल सांभाळला जातो. साठ लिटरपेक्षा लहान सॅकमध्ये ही कसरत होते. कार्बन फायबरचा बेअरिकेड हा दुसरा डबा हलका आहे, पण कितीतरी महाग. बेअरव्हॉल्टचाच ७.२ लिटरचा बीव्ही ४५० शनिवार-रविवारच्या भटकंतीला उत्तम, या वाटेला अपुरा.

एकदाच जाणाऱ्याने योसेमिटीच्या परवाना केंद्रातून डबा भाड्याने घ्यावा, मात्र वाट दुसऱ्याच टोकाला संपत असल्याने परत करण्याची पद्धत तिथेच विचारून घ्यावी. दरवर्षी सिएरात जाणाऱ्याने बीव्ही ५०० विकत घ्यावा. ज्यांना रोज वीस किलोमीटर झेपणार नाहीत, त्यांनी केअरसार्ज खिंडीतून ऑनियन व्हॅलीत उतरून इंडिपेंडन्स गावात आणखी एकदा शिधा घेण्याचे ठरवावे. त्यात एक-दोन दिवस जास्त जातात, पण डब्यात भाजणीबरोबर चिक्कीलाही जागा होते.