फोंड्यातला भाड्याचा फ्लॅट : अठरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, फक्त भाड्याने देण्यासाठी. आम्ही स्वतः म्हापशाला राहतो. कर्ज काढलं नाही. माझी साठवलेली रक्कम आणि सासऱ्यांनी दिलेला पैसा मिळून जमवलं. आता जूनअखेर. एक पावसाळा पूर्ण काढला आणि दुसरा सुरू झालाय, म्हणून हे लिहायला घेतलं.

फोंडाच का, तर इथे भाडेकरू बारा महिने मिळतो. कुंडई, बेतोडा, मडकई या औद्योगिक वसाहतींत बाहेरून आलेली नोकरदार माणसं भरपूर आहेत आणि फर्मागुढीला इंजिनियरिंग कॉलेज आहे. किनाऱ्याकडे घेऊन पर्यटकांना द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यासाठी पर्यटन खात्यात नोंदणी हवी, चादरी-टॉवेल-साफसफाई बघायला रोजचा माणूस हवा, आणि अनेक सोसायट्यांना रोज नवे चेहरे जिन्यात नको असतात. नोकरी सांभाळून हे मला जमणारं नव्हतं.

आधी व्यवहाराचं सांगते. आम्ही पसंत केलेला पहिला फ्लॅट हातातून गेला. तो तीन भावांना वारशाने आलेला. तिघेही विकायला तयार, पण एकाची बायको परदेशात होती आणि तिचं मुखत्यारपत्र आलेलं नव्हतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे एकाच्या सहीवर घर विकता येत नाही. इथे बघणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावं : मालक किती, प्रत्येकाचा जोडीदार सही करायला हजर आहे का, आणि घर वारशाचं असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, पूर्ण झालीय का? आम्ही दोन महिने वाट पाहिली आणि सोडून दिलं. नंतर घेतलेल्या फ्लॅटचे मालक नवरा-बायको दोघेही सब-रजिस्ट्रारसमोर हजर होते. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आणि फॉर्म १ व १४ (गोव्यातला सातबारा) वकिलांनी बघितल्यावरच आम्ही टोकन दिलं.

फ्लॅट ४२ लाखांना पडला. मुद्रांक, नोंदणी आणि वकील मिळून २ लाख ६० हजार. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, गीझर आणि किचनचं थोडं काम यात आणखी १ लाख २० हजार गेले. म्हणजे खरी गुंतवणूक ४५ लाख ८० हजार. बरेच जण हिशोब मांडताना ४२ लाखांवरच थांबतात.

पहिले दोन महिने घर रिकामं होतं. मार्चपासून गडहिंग्लजचं एक जोडपं राहतंय. तो कुंडईच्या औषध कारखान्यात आहे, ती घरीच शिकवण्या घेते. भाडं १४,५००, अनामत दोन महिन्यांची. करार अकरा महिन्यांचा केला, कारण भाडेपट्टा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी सक्तीची होते. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात मी स्वतः नेऊन दिला. भाडेकरू कितीही साधा वाटला तरी हे एजंटवर सोपवू नका. विजेचा मीटर आमच्याच नावावर आहे, बिल तो भरतो, आणि दर महिन्याला पावतीचा फोटो पाठवायचा असं ठरलंय. आजवर एकदाही मागावी लागली नाही.

मग जुलै आला. एका रविवारी सकाळी तिचा फोन : ‘ताई, कपाटाच्या मागं भिंत काळी झालीया. तुम्ही येऊन बघता का?’ तासाभराने आम्ही पोचलो. कपाट ओढलं तर मागे गुडघ्याइतक्या उंचीपासून वर खिडकीपर्यंत काळे ठिपके, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि कपाटात ठेवलेली त्याची चामड्याची बॅग हिरवट बुरशीने भरलेली. ती बॅग त्याच्या वडिलांची होती. ती काही बोलली नाही, ओल्या फडक्याने पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. घर माझं होतं आणि ही ओल माझ्या घरातून त्यांच्या वस्तूंपर्यंत पोचली होती.

ऑगस्टमध्ये एका रंगाऱ्याने आतून खरवडून ओलावारोधक रंग मारला, ८ हजार घेतले. वीस दिवसांत पुन्हा फुगे आले. मग ओळखीच्या एका जुन्या गवंड्याला नेलं. त्याने भिंतीकडे बघितलंच नाही, थेट खिडकीतून बाहेर वाकला. छज्ज्याचा उतार उलटा, भिंतीकडे होता. पाणी तिथे साचायचं आणि बीम आणि जांभ्याचा चिरा यांच्या जोडातल्या केसाएवढ्या भेगेतून आत उतरायचं. भिंत नैर्ऋत्येची, म्हणजे पावसाची झड थेट तिच्यावर. तो म्हणाला, ‘आता काही करू नका, भिंत सुकू दे. एप्रिलात बोलवा.’ एप्रिलमध्ये त्याने भेग कापून भरली, छज्ज्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पागोळीसाठी खाच पाडली आणि बाहेरून रंगाचे दोन हात मारले. ३० हजार लागले. परवा पहिला मोठा पाऊस झाल्यावर मी जाऊन तळहात लावून बघितलं, भिंत कोरडी आहे. कपाट आता भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवलंय.

गोव्यात घर बघायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. डिसेंबरात सगळी घरं सुंदर दिसतात, आम्हीही डिसेंबरातच बघितलं होतं.

अठरा महिन्यांचा हिशोब असा. भाडं सोळा महिन्यांचं, २ लाख ३२ हजार. खर्चात सोसायटी २७ हजार, घरपट्टी साडेचार हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं म्हणजे साडेचौदा हजार, ओल ३८ हजार, नळ आणि फ्लशची कामं ६ हजार. एकूण ९० हजार. उरले १ लाख ४२ हजार, म्हणजे वर्षाला साधारण ९५ हजार. गुंतवणुकीवर हे जेमतेम दोन टक्के होतात. बँकेतल्या ठेवीने यापेक्षा जास्त दिलं असतं. ओलीचा आणि एजंटचा खर्च दरवर्षी येणार नाही, त्यामुळे पुढचं वर्ष बरं जाईल. तरी तीन टक्क्यांच्या फार पुढे जाईल असं मला वाटत नाही. ईएमआयवर घेतलं असतं तर हे भाडं हप्त्याला पुरलंच नसतं.

कराची एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांना नवीन वाटेल. आमचं लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीचं असल्यामुळे आयकर कायद्याप्रमाणे घरभाडं दोघांच्या नावावर निम्मं निम्मं लागतं, पगार मात्र ज्याचा त्याचा. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट सूट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीवर जास्त गेले तरी सूट तेवढीच, त्यामुळे ओलीच्या ३८ हजारांचा वेगळा फायदा काही नाही.

ज्यांना घरापासून तासाभराच्या अंतरावर फ्लॅट मिळतोय आणि कर्ज काढावं लागत नाही, त्यांना मी घ्या म्हणेन. पुण्या-मुंबईत बसून इथला फ्लॅट फोनवर चालवायचा असेल तर नको. जुलैतल्या त्या रविवारी मी तासाभरात पोचू शकले म्हणून ते जोडपं टिकलं. फेब्रुवारीत करार नवा केला तेव्हा भिंतीचं काम व्हायचं होतं, म्हणून मी भाडं वाढवलं नाही. गेल्या आठवड्यात ती विचारत होती, की बाल्कनीत पत्र्याची शेड घालता येईल का, मुलं शिकायला बसतात तिथे झड येते. सोसायटीला अर्ज दिलाय, शनिवारी माप घ्यायला जायचंय.