उचल घेतली, आता पोरं कुठं ठेवायची?

पावसाळ्यात ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे टोळी जमवणाऱ्यानं दिलेली आगाऊ रक्कम, घरात आली की शाळेच्या ओट्यावर विचारणा सुरू होते, 'गुरुजी, पोराला न्यावं का ठेवावं?' बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या पट्ट्यात नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी इथं शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नये. ते त्या आईला कळतं. सहा महिने पोराला रात्री जेवायला कोण घालणार, हे तिला विचारायचं असतं.

म्हणून आधी टोळी कसली आहे ते विचारा. बैलगाडी किंवा टायरगाडीची टोळी कारखान्याच्या आसपास तळ ठोकते आणि बहुधा हंगामभर तिथंच राहते. ट्रक-ट्रॅक्टरची टोळी मात्र एका गावचा फड (तोडीचा ऊस) संपला की कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) मोडून पुढच्या गावाला जाते. सारा फरक इथंच पडतो.

गाडीवाल्यांनी मूल सोबत नेलं तर निदान एक शाळा तरी हंगामभर मिळू शकते. पूर्वी तळावर साखरशाळा, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरत्या शाळा, असायच्या. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला, मग मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घाला असं धोरण आलं आणि साखरशाळा ओसरल्या. कागदावर हे बरोबरच आहे, पण तळापासून ती शाळा किती लांब आणि मधे उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता किती, हे कागदाला दिसत नाही. तरी मूल कितवीत शिकतं ते सांगणारं शिक्षण हमी पत्रक द्याच, त्याच्या आधारे तिकडच्या शाळेत बसवून घेतात. टोळी कर्नाटकात आतवर जाणार असेल तर तेही फारसं कामाचं नाही. तिकडची शाळा कन्नड.

ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांचं पोर सोबत गेलं की शाळा सुटली असंच धरा. पहाटे आईबाप फडात, मागे कोपीवर पोरं. दहा-बारा वर्षांचं पोर पाणी आणतं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधतं, धाकट्याला सांभाळतं. पुढच्या जूनमध्ये ते वर्गात येतं तेव्हा वाचायचं विसरलेलं असतं.

मग राहतं हंगामी वसतिगृह. गावातलीच शाळा, दुपारी शालेय पोषण आहार, सकाळ-संध्याकाळचं जेवण समितीकडून आणि झोपायला बहुतेक ठिकाणी आजीचं घर. तिसरीच्या पुढच्या मुलांसाठी माझं मत सरळ याच बाजूला आहे. खोट एकच, पण मोठी: मंजुरी आणि पैसा उशिरा येतो. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि वसतिगृह सुरू होतं त्यानंतर. मधल्या आठवड्यांत पोर एकटं कुठं ठेवणार? गावातल्या किराणा दुकानदाराशी उधारीचं बोलून ठेवणारी समिती मी पाहिली आहे. नियमात ते कुठं बसतं विचारू नका.

नुसतं आजीकडे ठेवायचं असेल तर आजीचं वय बघा, तिला दिसतं का बघा. पोरगं तिचं ऐकतं का, हेही.

तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. 2021 मध्ये 41 तालुक्यांसाठी मुलांची आणि मुलींची मिळून 82 मंजूर झाली. जागा असेल तर पाचवीच्या पुढच्यांना चांगलं, पण आईबापांनी एकदा जाऊन तिथली मोरी आणि रात्रीचा पहारा पाहून यावं.

मुलींचा हिशेब वेगळा धरा. सातवी-आठवीतली मुलगी गावात एकटी ठेवायची भीती आणि फडात न्यायची त्याहून भीती, यातून आईबाप तिसरा मार्ग काढतात, तो म्हणजे लग्न. त्यात उचल मिळते ती जोडप्याला, नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं की घरात आणखी एक कोयता उभा राहतो. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर दहा बायकांमागे चौघींहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली 2019-21 ची स्थिती. म्हणून मुलींना आधी तालुक्याचं वसतिगृह, ते नसेल तर हंगामी, तेही मुक्कामाला बाई माणूस असेल तरच.

'आता यंत्रं आलीत, प्रश्नच मिटेल,' असं कुणी म्हणेल. ऊसतोडणी यंत्राला सरी रुंद लागते, मोठा सलग प्लॉट लागतो. हे पोर शाळेत असेपर्यंत तरी त्याच्या आईच्या हातात कोयताच राहणार. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या महामंडळाला कारखान्यांनी उसाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलंय. मला विचाराल तर त्यातला पहिला रुपया पाळणाघरावर खर्चावा. आईनं तान्हं मूल सोबत नेलं की त्याला सांभाळायला थोरली बहीण जाते आणि पटावरचं तिचं नाव मार्चपर्यंत नुसतंच राहतं. म्हणून घरोघरी यादी करताना शाळेतल्या मुलांआधी घरातलं सगळ्यात धाकटं किती महिन्यांचं आहे ते विचारा.

आणि ही यादी दसऱ्याआधी करा. दिवाळीनंतर दारोदार फिरलात तर कुलपंच भेटतात.