पिसा विमानतळावर घेतलेली छोटी गाडी

गाडी लहानात लहान घ्यायची हे आमचं आधीच ठरलं होतं. इटलीच्या टस्कनी भागातल्या जुन्या गावांच्या गल्ल्या अरुंद, पार्किंगची मारामार, आणि फिरणार आम्ही दोघंच. भाड्याच्या गाड्यांचे दर दाखवणाऱ्या एका वेबसाइटवरून मी आठ दिवसांसाठी ‘ह्युंदाई आय10 किंवा तत्सम’ गाडी ठरवली, 96 युरोंना. त्याच वेबसाइटने ‘संपूर्ण संरक्षण’ म्हणून 48 युरोंचा विमा पुढे केला, तोही घेतला. झाले 144. प्रत्यक्षात किल्ली हातात पडेपर्यंत हा आकडा 553 युरो 92 सेंटवर गेला, आणि गाडी परत केल्यानंतरही कार्डातून पैसे जात राहिले. तुमच्यापैकी कुणी येत्या सुट्टीत अशाच रांगेत उभं राहणार असेल, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

पिसाला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. गाड्यांची ऑफिसं मुख्य इमारतीत नाहीत, शटल बसने जावं लागतं. तिथे पाऊण तास रांग. नंबर लागला तेव्हा पाय दुखत होते, डोळे मिटत होते आणि कधी एकदा हॉटेलवर पोहोचतो असं झालं होतं. पुढचं सगळं याच अवस्थेत घडलं आणि ते योगायोगाने घडलं असं मला वाटत नाही.

काउंटरवरचा मुलगा फार गोड बोलत होता. पासपोर्ट, भारतीय लायसन्स, आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना (इटलीत तो किंवा लायसन्सचं अधिकृत भाषांतर लागतंच), सगळं त्याने नीट पाहिलं. मग व्हाउचर हातात घेऊन म्हणाला, “हा विमा आमच्याकडे चालत नाही.”

हे वाक्य पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त घातक. युरोपात भाड्याच्या रकमेत मूळ विमा बहुधा धरलेला असतो. मात्र नुकसान झालं तर पहिली अमुक इतकी रक्कम भाडेकरूने सोसायची असते, तिला एक्सेस म्हणतात. आमच्या करारात ती 1,500 युरो होती. वेबसाइटचा विमा या एक्सेसचा परतावा देतो. म्हणजे कंपनी आधी आपल्याकडून वसूल करणार, मग आपण कागद पाठवून वेबसाइटकडून ते पैसे परत मागायचे. त्यामुळे कंपनी 1,500 युरो कार्डावर अडवून ठेवते आणि गाडी धड परत आली की सोडते. एवढं समजलं असतं तर मी कार्डाची मर्यादा घरूनच वाढवून घेतली असती. तो मुलगा ‘चालत नाही’ एवढंच म्हणाला. ‘डिपॉझिट ठेवलंत तर काही अडचण नाही’ हे वाक्य त्याने गिळलं.

माझ्या कार्डावर तेवढी मर्यादा उरलेली नव्हती. नवऱ्याच्या कार्डावर होती, पण ते चालेना. चालक म्हणून नाव माझं, तर क्रेडिट कार्डही माझ्याच नावाचं हवं. मागे रांग खोळंबलेली. मग त्यानेच वाट दाखवली, “आमचं सुपर कव्हर घ्या. दिवसाला 27 युरो फक्त, आणि डिपॉझिट 200 वर येईल.” मी हो म्हटलं.

आता गाडी. आमच्या दोन मोठ्या बॅगांकडे बघून त्याने मान हलवली. आय10 नाही, तुमच्यासाठी फियाट 500 ठेवली आहे, तिला दोनच दारं, डिकी 185 लिटरची, या बॅगा मावणार नाहीत. दिवसाला 9 युरो दिलेत तर वरच्या वर्गातली चार दारांची गाडी देतो. डिकीचा आकडा बरोबर होता, नंतर मी पाहिला. तेव्हा वाटलं, माणूस आपल्या भल्याचंच सांगतोय.

सही टॅबलेटवर घेतली. काचेवर एक रिकामी चौकट, तीत बोटाने सही. खाली काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. मी “कागद दाखवाल का?” असं विचारलं, तर म्हणाला, “मेलवर येईल.” कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं तेव्हा त्याने हात पुढे करून स्वतःच रुपयांचं बटण दाबलं. रुपये निवडले की विनिमय दर मशीनवाले ठरवतात, आणि तो बँकेच्या दरापेक्षा महागच पडला.

हॉटेलवर पोहोचल्यावर मेल उघडली. सुपर कव्हर 216, अपग्रेड 72, आणि ज्याचा उच्चारही झाला नव्हता ती ‘रस्त्यावरील मदत’ 48. बेरीज 336. त्यावर इटलीचा 22 टक्के व्हॅट, कारण तोंडी सांगितलेले सगळे दर करावाचूनचे होते. एकूण 409 युरो 92 सेंट.

मला सर्वात जास्त लागलं ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. मिळालेली गाडी फियाट पांडा होती. तिची डिकी 225 लिटरची, एक बॅग तरीही मागच्या सीटवर ठेवावी लागली. करारपत्रावर गाडीच्या वर्गापुढे चार अक्षरं होती, एमडीएमआर. सहज व्हाउचर काढून पाहिलं, तर तिथेही हीच. गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची ही ठरलेली सांकेतिक अक्षरं आहेत. पहिला एम म्हणजे सर्वात लहान वर्ग, डी म्हणजे चार-पाच दारं, दुसरा एम म्हणजे हाताने गिअर टाकायची, आर म्हणजे एसी असलेली. मी आरक्षित केली होती तीच गाडी, त्याच वर्गातली, मला ‘वरची’ म्हणून विकली गेली होती. दोन दारांची फियाट 500 माझ्या आरक्षणात बसतच नव्हती. व्हाउचर माझ्या पर्समध्ये होतं. ती अक्षरं काउंटरवर वाचता आली असती तर 72 युरो आणि त्यावरचा कर तिथेच वाचला असता.

लुक्का, सान जिमिन्यानो, सिएना फिरलो. गाडी गुणी निघाली. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

परत देताना एका माणसाने बॅटरी घेऊन गाडीभोवती चक्कर मारली, “सगळं ठीक” म्हणाला आणि किल्ली घेतली. लेखी काही दिलं नाही. आम्हीही मागितलं नाही, विमान गाठायचं होतं. एकोणीस दिवसांनी कार्डातून 195 युरो गेले, मागच्या डाव्या चाकाच्या प्लॅस्टिकच्या कॅपवर ओरखडा म्हणून 145 आणि ‘प्रक्रिया शुल्क’ 50. सुपर कव्हरचं काय, असं विचारलं तर करारातलं कलम दाखवलं. चाकं, टायर, काचा, छप्पर आणि गाडीची खालची बाजू त्यातून वगळलेली. 216 युरो भरून चाकसुद्धा सुरक्षित नव्हतं.

गाडी घेतली त्या रात्री नवऱ्याने माझा एक फोटो काढला होता, मागच्या सीटवर बॅग कोंबताना. कोपऱ्यात तेच चाक आलं होतं. मोठं करून पाहिलं तर कॅपवर चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा, कंपनीने पाठवलेल्या फोटोतला तोच. तो फोटो, त्याची वेळ आणि करारपत्र जोडून बँकेकडे तक्रार केली, 195 युरो अडीच महिन्यांनी परत आले. एका चुकून आलेल्या चाकावर हे निभावलं. तुम्ही मात्र चारही चाकं, काचा, छप्पर, डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ गाडी घेताना आणि देताना, दोन्ही वेळा काढा. परत देताना ‘नुकसान नाही’ असं लेखी मिळेपर्यंत जागचे हलू नका.

फ्लॉरेन्सबद्दल थोडं. जुन्या शहरात परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी आहे, त्या भागाला झेडटीएल म्हणतात. फाट्यावरच्या पाटीवर ‘वार्को अत्तीवो’, म्हणजे ‘प्रवेशद्वार चालू’, अशी अक्षरं होती. आम्हाला वाटलं, चालू म्हणजे रस्ता खुला. अर्थ नेमका उलटा, कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. ही चूक आमची, दंडही आमचा. पण पोलिसांना आमचा पत्ता कळवल्याबद्दल कंपनीने आणखी 45 युरो कापले, आणि दंडाची नोटीस वेगळी येणार. परदेशात राहणाऱ्याला ती पाठवायला इटलीच्या कायद्याने 360 दिवस दिले आहेत.

2015 मध्ये युरोपियन कमिशनच्या दबावाखाली पाच मोठ्या कंपन्यांनी दर आणि विमा स्पष्ट सांगण्याचं कबूल केलं होतं. तिथल्या ग्राहकांसाठी युरोपियन ग्राहक केंद्रंही आहेत, पण ती तिथे राहणाऱ्यांसाठी. आपल्याला उरतात कंपनीला मेल आणि आपली बँक.

काउंटरवरच्या 409 युरोंचं बँकेने काही केलं नाही. दोन्ही कागदांवरची ती चार अक्षरं गोल करून मी कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या मेलला उत्तर आलं, दोन ओळींचं. अपग्रेड तुम्ही स्वखुशीने स्वीकारलं आहे, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा म्हणजे पांढऱ्या चौकटीत बोटाने काढलेली माझी वाकडी सही.